सोजरबाईच्या रागाच्या टोप्या

आमच्या इचोड्यात मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पायाले चिकटते. कुत्रे ट्रकखाली झोपतात अन् ट्रकवाले झाडाखाली. अशा उन्हात एक मानूस बस स्टँडाजवळच्या आपल्या दुकानात लोकरीची टोपी घालून बसलेला दिसला, तर नवखा मानूस समजे की याचं डोकं फिरलं. आमी गावातले लोकं समजो की याचं घरी भांडन झालं.

तो मानूस म्हंजे आमचे शेजारी अमृतराव. दोर, ताडपत्री अन् बारदान्याचं दुकान हाये त्यायचं. टोपी विणनारी त्यायची बायको, सोजरबाई. त्यायच्या आंगनाची अन् माह्या आंगनाची भिंत एकच हाये, कमरेएवढी, म्हनून तिकडचं सारं मले कान न लावता ऐकू येते. लोकं म्हनतात राहीबाई चोंबडी हाये. बाप्पा! मी काय कानात बोळे घालून पापड लाटू?

त्या घरचा कायदा असा होता. भांडन झालं की सोजरबाई बोलनं बंद करे अन् विणाले बसे. टोपी पुरी होत नाई तोवर अबोला. टोपी झाली की ती अमृतरावच्या ताटाशेजारी ठेवे. त्यायनं ती मुकाट्यानं डोक्यावर घातली की भांडन मिटलं. साधं भांडन असलं तर साधी टोपी. पावन्यायसमोर झालं असलं तर गोंड्याची टोपी. अन् गोष्ट माहेरावर गेली असली तर मफलर, तोबी असा लांब की गळ्याले गुंडाळून उरलेला खांद्यावर टाका लागे. घालून दिवसभर दुकानात बसाचं, हे पन कायद्यातच होतं. ऋतू कोनता हाये हे पाहाचं काम सोजरबाईचं नव्हतं.

सकाळी अमृतरावभाऊजी दुकान उघडाले निघाले की चहावाला चंपत आधी त्यायच्या डोक्याकडे पाहे, मंग कपात साखर टाके. नवी टोपी दिसली तर साखर जास्त. एकदा बसमधला तेलुगू कंडक्टर त्यायले म्हने, "इप्पुडु चलि एक्कडय्या?" म्हंजे आता थंडी कुठं हाये बाबा? अमृतराव शांतपनं म्हनले, "इंट्लो." घरात. अख्खी बस हसली.

हसाचं काम साऱ्यायचं, धावाचं काम माह्यं. घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं माह्यं झालं होतं. अबोल्याच्या दिवसात सोजरबाई भिंतीजवळ येई. "राहीबाई, सांगा त्यायले, आंघोळीचं पानी तापलं." ते तिथीच उभे, बादली हातात घेऊन! मी सांगो, "भाऊजी, पानी तापलं." ते म्हनत, "वैनी, सांगा तिले, ऐकलं." मी सांगो, "सोजरबाई, ऐकलं म्हनतात." ती म्हने, "मले ऐकू आलं." मंग मले कायले मधात घेता, मेले हो! माह्या तव्यावरची भाकर जळून जाये अन् माह्या नवऱ्याचे बोलने मीच खाओ.

हे सारं सुरू झालं त्यायच्या लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याची थंडी दिसाले लहान, पन चावाले मोठी. सोजरबाई म्हने मले एक स्वेटर आना. आदिलाबादले रस्त्याच्या कडेनं तिबेटी लोकं स्वेटर घेऊन बसतात, तिथला. अमृतराव म्हनले, "शेकोटी फुकट हाये." बस. दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानात जायले निघाले तर सायकलच्या चाकात अर्ध्या ताराच नाई. सोजरबाईनं त्या ओढून काढल्या, पाट्यावर घासून टोकदार केल्या अन् विणाले बसली. विणनं ती माहेरी, जैनथले, शाळेतल्या बाईपाशी शिकली होती. अन् लोकर? लोकर तिनं अमृतरावचाच स्वेटर उसवून काढली. त्यातनं त्यायले एक टोपी करून देल्ली अन् उरलेल्या लोकरीचा स्वतःसाठी स्वेटर केला. अमृतरावनं टोपी घातली अन् सायकल ढकलत ढकलत दुकानात गेले. एक शब्द बोलले नाई. त्यायचा स्वभावच भिडेचा. पाय कोनाचा त्यायच्या पायावर पडला तर हेच माफी मागतीन.

पन टोपी कशी! घट्ट म्हंजे अशी घट्ट की वारं बाहेरच थांबे. काढली की कपाळावर गोल वळ उमटे. साऱ्या बाजाराचं एकच मत होतं की सोजरबाईचा राग तिच्या हातातून सुयांत उतरते, सुयांतून लोकरीत, म्हनून वीण अशी घट्ट बसते. माह्यंबी तेच मत होतं, खोटं काऊन बोलू? भिंतीपलीकडून सायकलच्या तारांची टिकटिक टिकटिक सुरू झाली की मी समजो, आला राग. टिकटिक थांबली की राग उतरला.

मंग या दिवाळीले एक चमत्कार झाला. अमृतरावनं तंबाखूचा खर्रा सोडला. सोजरबाई वर्षानुवर्षं त्याच्यासाठी डोकं आपटत होती, तो त्यायनं एका दिवशी सोडला, कोनाले न सांगता. तिले समजलं. अन् दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा घेऊन ती ओट्यावर त्यायच्याजवळ बसाले लागली. ते ट्रक ड्रायव्हरायच्या गोष्टी सांगत, ती तोंडाले पदर लावून हसे. टिकटिक बंद. निरोप बंद. माह्या भाकरी जळनं बंद. सांगाले लाज वाटते, पन मलेच करमेनासं झालं. एक दिवस अमृतराव भिंतीजवळ येऊन हळूच म्हनले, "वैनी, ती लय मजेदार बोलते वो. मले मालूमच नव्हतं." या वयात! मले हसू यावं का रडू, समजलंच नाई.

अन् मधातच जीवन आला. जीवनचा धाबा हाये हायवेवर, गुडीहत्नूरच्या अलीकडे. झालं असं, की एका धुक्याच्या सकाळी एक ड्रायव्हर अमृतरावच्या दुकानात दोर घ्याले आला, थंडीनं कुडकुडत होता, तर भाऊजीनं आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्याले देल्ली. तो खिडकी उघडी ठेवून नागपूरले जाऊन आला, तरी कानाले वारं लागलं नाई. त्यानं धाब्यावर साऱ्यायले टोपी दाखवली. जीवन सरळ सोजरबाईच्या दारात आला. "मावशी, संक्रांतीच्या आत मले पोतंभर टोप्या पायजे. तुमच्याच हातच्या."

तुमच्याच हातच्या! सोजरबाईच्या टोप्यायले आजवर सारे हसले होते, मागितल्या कोनी नव्हत्या. तिचा चेहराच बदलला. ती भाजी आनाले ठेवनीतलं लुगडं नेसून जाऊ लागली. वांगी घेता घेता भाजीवालीले सांगे, चक्कीवर सांगे, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बायायले सांगे, "माह्या टोप्या आता हैदराबादपासून नागपूरपर्यंत जातीन." एकीनं इचारलं नसलं तरी सांगे. साऱ्या इचोड्यात एक दार असं राह्यलं नाई, जिथं तिनं सांगतलं नाई.

तिचा लेक भूषण आदिलाबादले मोबाईलचं दुकान चालवते, बायकोसंग तिथीच राह्यते, रविवारी इकडे येते. त्यानं लोकरीच्या थैल्या आनल्या अन् मायसाठी नव्या कोऱ्या लाल प्लास्टिकच्या सुया आनल्या. "सायकलच्या तारांनी काय विणते माय, लोकं हसतीन." लेकानं आनल्या म्हनून तिनं कौतुकानं घेतल्या अन् विणाले बसली. गुनगुनत विणे. आवाज नाई, अबोला नाई, टोप्या पहा तं फटाफट.

पहिलं गठोडं धाब्यावर गेलं अन् तिसऱ्या दिवशी जीवन ते तसंच वापस घेऊन आला. गरीब बिचारा लाजून उभा होता. "मावशी, ह्या त्या नाईत." त्यानं एक आपल्या डोक्यावर घालून दाखवली. टोपी कपाळावरून उतरली, नाकावर थांबली, मंग तिथूनबी हनुवटीवर गेली. आतून तो बोलला, "अन् वारं पन येते." म्हने एका ड्रायव्हरले टोपी डोळ्यावर आल्यानं गेअरच सापडला नाई, त्यानं क्लीनरचा गुडघा ओढला. बाकीच्या अशाच निघाल्या तर मी तिबेट्यायकडून घेईन, असं तो भीत भीत म्हनला अन् गेला.

सोजरबाईनं गठोडं उचललं, मागच्या खोलीत गेली अन् भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी ती जेवली नाई. ज्या बाईनं पुऱ्या गावाले सांगून ठेवलं, तिनं आता भाजी आनाले कोन्या तोंडानं जावं?

मंग दुकानात आमची बैठक बसली. मी, भाऊजी अन् फोन करून बोलावलेला भूषण. भूषणनं एक जुनी टोपी अन् एक नवी टोपी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली, जसा काई डॉक्टर. म्हने, "बाबा, गोष्ट साफ हाये. माय खुश हाये. खुशीत वीण सैल पडते."

"हाव," मी म्हनलं. "बरोबर बोलला."

"मंग?" अमृतराव म्हनले.

"मंग तुमी भांडा."

अमृतरावनं दोराच्या बंडलाकडे पाह्यलं.  "आत्ता कुठं बोलाले लागली हाये रे ती माह्यासंग," ते म्हनले. "दोन महिने नाई झाले." त्यायचा आवाज असा झाला की मी पदर डोळ्याले लावला. भूषणबी खाली पाहाले लागला. मंग भाऊजी उठले, धोतर झटकलं. "पन टोप्या पुन्हा वापस आल्या तर ती जन्मात उंबरठ्याबाहेर नाई पडनार. चाल. काय बोलाचं असते, सांगा मले. माह्यी आदत सुटली हाये."

आता भांडाची आदत सुटली म्हंजे काय असते ते मी पाह्यलं. पहिल्या दिवशी ते जेवता जेवता म्हनले, "भाजी खारट हाये." सोजरबाई म्हने, "असन जी. उद्या बेतानं टाकीन." ते म्हनले, "चहा थंडा हाये." तिनं गरम करून देल्ला. मंग ते तिच्या धुतलेल्या लुगड्यावर चिखलाचे पाय घेऊन बसले. तिनं पाह्यलं अन् म्हने, "पाय दुखतात का?" शेवटी खर्र्याची रिकामी पन्नी रस्त्यावरून उचलून त्यायनं सदऱ्याच्या खिशात ठेवली, तिले सापडावी म्हनून. तिले सापडली. तिनं हुंगून पाह्यली अन् मले भिंतीवरून हळूच इचारलं, "राहीबाई, हे कचरा काऊन वेचून राह्यले?"

मीच शेवटी बोलली. "भाऊजी, असं नाई जमत. जैनथ काढा." माहेर! भाऊजी दोन पावलं मागं सरकले. पन दुपारी ताटावर बसल्या बसल्या त्यायनं डोळे मिटले अन् बोलून टाकलं, "जैनथचे लोकं पेनगंगेत पाय धुतात अन् तेच पानी पितात."

सोजरबाईनं हातातली भाकर खाली ठेवली. उठली. मागच्या खोलीत गेली. मी अन् भूषण भिंतीच्या अलीकडे कान लावून उभे. जरा वेळानं आतून आवाज आला, टिकटिक टिकटिक टिकटिक. भूषणनं मूठ वळली. मी मारुतीच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले. घरात अबोला लागला म्हनून आनंदानं गूळ वाटनारं आमचं पहिलंच घर असन.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चहाले कोनी आलं नाई. सोजरबाईनं कप भिंतीवर ठेवला. "राहीबाई, त्यायले द्या." अन् गेली विणाले. भाऊजी एकटेच बसून फुंकर मारत राह्यले. पन टोपी निघाली नगाऱ्यासारखी ताठ. भूषण ती घेऊन धाब्यावर गेला. जीवननं बोटानं वाजवून पाह्यली अन् म्हनला, "हीच. ह्याच पायजे."

आता काम सुरू झालं. टिकटिक चालू असली की आमी निवांत. टिकटिक थांबली की राग थंडा झाला समजाचं अन् नवीन लाकूड घालाचं. सोजरबाई भात चढवाले उठे, आवाज थांबे, अन् मी दारातून गल्लीच्या टोकाले दुकानात बसलेल्या भाऊजीले हात करो. ते दुकान टाकून धावत येत, दारातूनच म्हनत, "तुह्या बापाचं धोतर कधीच पांढरं नव्हतं!" अन् धावत वापस जात. ती डाळ घोटाले उठली की, "तुह्या मायच्या पुरनपोळीनं माह्या दाताची वाट लावली!" एकदा ती नुसती पानी प्याले उठली होती, तर त्यायनं घाईघाईत तिच्या माहेरच्या बैलाले लंगडा म्हनलं. तो बैल मरून जमाना झाला होता. गिऱ्हाईक दुकानात दोर हातात धरून वाट पाहे.

बातमी जैनथले पोचली. सोजरबाईचा भाऊ डोमाजी पहिल्या बसनं आला, छत्री काठीसारखी धरून, अन् सरळ दुकानात घुसला. "जवाईबापू, पेनगंगेबद्दल काय बोलले तुमी?" आमी त्याले बसवलं, चंपतचा चहा पाजला, सारं समजून सांगतलं. डोमाजी विचार कराले लागला. मंग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हनला, "पेनगंगेनं काय होते? आमच्या बाच्या मिशीवर बोला. एक बाजू लहान होती. तिले लहानपनापासून ते सहन होत नाई." मंग त्यानं आनखी चारदोन गोष्टी सांगतल्या, आपल्याच घरच्या, एकाहून एक. भजे खाल्ले. जाता जाता म्हने, "मी सांगतलं म्हनू नका."

मिशीवर सोजरबाईनं दोन दिवस मान वर केली नाई. पोतं भरत चाललं. अन् भाऊजी वाळत चालले. एका सकाळी चहाचा कप घेताना मले म्हनले, "वैनी, बोल मी तिले लावून राह्यलो अन् दुखून मले राह्यलं." मी म्हनलं, "भाऊजी, थोडे दिवस." ते म्हनले, "ती मंग बोलन ना पन?" काय सांगावं? मी म्हनलं हाव. पन मले काई खात्री नव्हती. अबोल्याच्या इतिहासात एवढं लांब कधी गेलं नव्हतं.

भोगीचा दिवस आला. संध्याकाळी जीवन पोतं घ्याले येनार. भूषण सनासाठी आला होता. अन् दुपारपासून टिकटिक बंद. एकदम बंद. मी हात केला, भाऊजी आले, भूषण आला, आमी तिघं भिंतीजवळ कुजबुजाले लागलो. बाप झाला होता, माय झाली होती, मिशी झाली होती, बैल झाला होता, डोमाजीनं सांगतलेलं सारं झालं होतं. आता आडातच नाई तर पोहऱ्यात कुठून येईन? सोजरबाई आंगनात पोत्याजवळ बसली होती, आमच्याकडे पाठ करून, खाली मान घालून.

"बाबा, शेवटचं," भूषण म्हनला. "काईपन बोला."

अमृतराव तिच्या मागं जाऊन उभे राह्यले.  अन् बोलले ते असं, "मी तुले पाहाले आलोच नव्हतो. मी बयनाले पाहाले आलो होतो."

बयना म्हंजे सोजरबाईची चुलत बहीण, जैनथचीच. एका घरात वाढलेल्या दोघी. ही गोष्ट मी आजवर ऐकली नव्हती, भिंत कमरेएवढी असूनबी. भूषणच्या तोंडून निघालं, "बाबा, इतकं नव्हतं पायजे." माह्या हातातली तिळाची परात खाली पडली.

सोजरबाई वळली. तिच्या हातात सुया नव्हत्याच. शेवटच्या टोपीले गोंडा शिवून राह्यली होती ती. पोतं भरलं होतं. तिनं तोंड उघडलं, "राहीबाई, सांगा त्या—" अन् थांबली. मले सोडलं अन् सरळ त्यायच्याकडे पाह्यलं.

"तुमाले झालं काय हाये जी? माह्यी माय काढली, बाप काढला, मेलेला बैल काढला. मी मारुतीले नवस बोलली की ह्यायचं डोकं ठिकानावर येऊ दे!"

"टोप्या घट्ट याव्या म्हनून," अमृतराव म्हनले. लहान पोरावानी. "तुले राग आला की घट्ट येतात."

ती आमच्याकडे अशी पाहाले लागली, जसे आमी तिघं बाजारात नागडे उभे हो. मंग उठून आत गेली अन् दोनी हातात दोन वस्तू घेऊन आली. एका हातात भूषणची लाल सुई, बोटाएवढी जाड. दुसऱ्या हातात सायकलची तार. "ह्या सुईनं वीण सैल पडते. या तारेनं घट्ट पडते. जीवननं टोप्या वापस आनल्या त्याच दिवशी मी ह्या लाल सुया कोपऱ्यात फेकल्या, साऱ्या सैल टोप्या उसवल्या अन् मंग तार हातात घेतली. एकानं तरी मले इचारलं का?"

काखेत कळसा अन् गावाले वळसा! तार वाजते, प्लास्टिक वाजत नाई. अन् आमी त्या टिकटिकले राग समजून राह्यलो होतो, इतकी वर्षं!

"मंग तू बोलत काऊन नव्हती?" भाऊजीनं इचारलं.

"टाके मोजून राह्यली होती! बोललं की मोज चुकते. राग याले फुरसत कुठं होती मले? पोतंभर टोप्या होत्या!"

भूषण खो खो हसाले लागला. मीबी सुरू झाली, भिंतीले धरून. भाऊजीच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसात पहिल्यांदा रक्त आलं. पन सोजरबाई हसली नाई. तिनं तार खाली ठेवली.

"अन् ते बयनाचं? तेबी टोप्यायसाठीच का?"

आमचं हसू जागीच बसलं. मी भिंतीमागून जोरजोरानं मान हालवून राह्यली, हाव म्हना, भाऊजी, हाव म्हना! टोप्यायसाठी म्हना! इतके दिवस या मानसानं एकामागून एक खोट्या गोष्टी बोलल्या, धावत येऊन बोलल्या, अन् आता एक खोटी गोष्ट हातावर आयती येऊन बसली, तर ह्यायले खरं बोलाचं सुचलं.

"नाई," ते म्हनले. "ते खरं हाये. बयनाले पाहाले आलो होतो. पोहे घेऊन तू आली. मले वाटलं, घरच्यायनं बदल केला असन. इचाराची भीड वाटली. बशी हातात आली होती, मानसं समोर बसली होती. मंग सुपारी फुटली. मंग कधीच बोललो नाई, तुले वाईट वाटन म्हनून."

मले तर त्या मानसाच्या डोक्यात परात घालावी वाटली. सोजरबाई तशीच उभी. मंग तिनं पदर कमरेले खोचला.

"मले मालूम होतं," ती म्हने. "बयना आत आरशासमोर वेनी घालून राह्यली होती. मी खिडकीतून पाह्यलं. तुमी ओट्यावर बसले होते. आमची म्हैस तुमचा खांदा चाटून राह्यली होती, नव्या सदऱ्यावरून, अन् तुमी भिडेनं सरकून नव्हते राह्यले. मी म्हनलं, हा मानूस मले पायजे. ताट उचललं अन् बाहेर आली. बयनाची वेनी झाली तवा सुपारी फुटली होती."

 अमृतराव पोत्यावर बसले, टोप्यायवरच. त्यायचा चेहरा हळूहळू लाल व्हाले लागला. इतक्या वर्षांत मी ह्या मानसाले खरा राग आलेला पाह्यला नव्हता, तो त्या दिवशी पाह्यला.

"म्हंजे तू मले फसवलं!"

"हाव."

"मायबापाले फसवलं, बयनाले फसवलं!"

"हाव. बयना वर्षभर बोलली नाई माह्यासंग."

"अन् मी? मी सारी जिंदगी समजत राह्यलो की गलती माह्यी हाये! तुले समजू नये म्हनून शब्द जपून जपून बोलत आलो! टोप्या घातल्या! मे महिन्यात घातल्या!"

"घातल्या तर घातल्या. कोनी धरून घातल्या होत्या?" सोजरबाई त्यायच्या समोर येऊन उभी राह्यली. आवाज चढला होता, पन खोचलेला पदर ती पुन्हा पुन्हा खोचून राह्यली होती, ते मले भिंतीवरून दिसून राह्यलं होतं. "फसवलं ते फसवलं. मी पळत नाई. आता सांगा, काय करता? वापस करता का मले जैनथले?"

बाहेर जीवनच्या गाडीचा हॉर्न वाजला. कोनी हाललं नाई. अमृतराव विचार कराले लागले. खरोखर विचार कराले लागले, बाप्पा, पोत्यावर बसून, हनुवटी हातात घेऊन!  सोजरबाईनं डोळे मिटले होते.

"नाई," ते म्हनले. "राहू दे."